हल्ल्यानंतर कॅज्युअल्टीत गर्दी कुणाची होते?

नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप इथे देतोय. ऐकताना आकडे निसटतात अशी तुमची तक्रार असते आणि या भागात आकडे बरेच आहेत. त्यामुळे निवांत वाचा. बोलण्यातले "म्हणजे बघा" आणि "ॲक्चुअली" मी जमतील तेवढे काढलेत, काही राहिले असतील.

एका श्रोत्याने विचारलं होतं, "दहशतवादी हल्ला झाला की बातम्यांत मृतांचा आणि जखमींचा आकडा येतो. हॉस्पिटलमध्ये पोचणारी माणसं तेवढीच असतात का?"

उत्तर एका शब्दात द्यायचं तर नाही. पोचणारी माणसं त्याहून कितीतरी जास्त असू शकतात. त्यातली बरीचशी भीतीने आलेली असतात. आता "भीतीने आलेली" म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच "म्हणजे त्यांना काही झालेलं नसतं" असं येतं. आजचा सगळा भाग याच गैरसमजाबद्दल आहे. कारण हा गैरसमज धरून हॉस्पिटल चालवलं तर खरे जखमी मरू शकतात, आणि घाबरलेल्यांतलाही एखादा मरू शकतो.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी बॅकएंडचं काम करणारा सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. एकदम लोड आला की सिस्टिम कुठे तुटते, हे बघणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. या विषयाकडे मी त्याच बाजूने आलो.

टोकियो, १९९५

या विषयावर कुणीही बोलायला लागलं की पहिलं उदाहरण टोकियोचं निघतं, आणि ते बरोबरच आहे.

२० मार्च १९९५, सोमवार. सकाळी आठचा सुमार, ऐन ऑफिसला जायची वेळ. ओम् शिनरिक्यो नावाच्या पंथाच्या पाच जणांनी भुयारी रेल्वेच्या तीन मार्गांवरच्या पाच गाड्यांमध्ये सरीन हे विष सोडलं. पातळ विष प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेलं, वरून वर्तमानपत्र गुंडाळलेलं. टोक घासून अणकुचीदार केलेल्या छत्रीने पिशव्या भोसकल्या आणि ते गाडीतून उतरून गेले. सरीन हवेत मिसळत राहिलं.

त्सुकिजी स्टेशनच्या जवळ सेंट ल्यूक्स इंटरनॅशनल हॉस्पिटल आहे. तिथे पहिली खबर आली ती भुयारी रेल्वेत स्फोट झाल्याची. त्यामुळे डॉक्टर भाजलेल्या आणि हातपाय मोडलेल्या माणसांची तयारी करून बसले. साडेआठच्या आतच पहिला पेशंट आला, तोही चालत. तक्रार डोळ्यांची. पहिली ॲम्ब्युलन्स त्यानंतर आली. पुढच्या तासाभरात जवळपास ५०० माणसं दारात होती, आणि दिवसअखेर आकडा गेला ६४० वर.

त्या ६४० जणांची विभागणी अशी होती: अत्यवस्थ ५, मध्यम १०७ आणि सौम्य ५२८.

शहरभराचं चित्रही असंच होतं. सुमारे साडेपाच हजार माणसं पावणेतीनशेच्या वर दवाखान्यांत गेली. ॲम्ब्युलन्सने नेलेली माणसं सातशेच्याही आत. चार हजारांहून जास्त लोक आपापले गेले: पायी, टॅक्सीने, कुणाच्या तरी गाडीतून. हल्ल्यात १३ जण गेले. अनेक वर्षं अंथरुणाला खिळून असलेल्या एका महिलेचं २०२० मध्ये निधन झालं, तेव्हापासून बळींची संख्या १४ धरतात.

इथे घाई करून "साडेपाच हजारांतले बहुतेक उगाच घाबरून आले" असं म्हणू नका. सेंट ल्यूक्समध्ये ज्यांची नोंद "सौम्य" झाली, त्यातल्या बऱ्याच जणांना सरीन खरंच लागलेलं होतं. डोळ्यांपुढे अंधारी, डोकेदुखी, बाहुल्या बारीक झालेल्या. जीवाला धोका नव्हता इतकंच. आणि त्यांच्यातच मिसळलेले असे लोकही होते, जे त्या गाडीत होते, काहीतरी भयानक घडलंय हे त्यांनी पाहिलं होतं, छाती धडधडत होती, पण अंगात विष गेलेलं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या सिस्टरला हे दोन्ही गट सारखेच दिसतात. खरी अडचण तिथे आहे.

दुसरी अडचण माहितीची. विष सरीन आहे हे पोलिसांनी जाहीर केलं ते हल्ल्यानंतर सुमारे तीन तासांनी, आणि हॉस्पिटलला ते कळलं टीव्हीवरून! त्याआधी मदत झाली ती मात्सुमोतो शहराच्या अनुभवाची. त्याच पंथाने जून १९९४ मध्ये तिथे सरीन सोडलं होतं. तेव्हाचे पेशंट पाहिलेल्या डॉक्टरने टीव्हीवरची लक्षणं ओळखली आणि टोकियोशी संपर्क साधला.

सेंट ल्यूक्सचे प्रमुख होते शिगेआकी हिनोहारा, वय ८३. त्यांनी नेहमीची ओपीडी आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्या आणि येईल त्याला आत घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या महायुद्धात टोकियोवर बॉम्ब पडले तेव्हा जागा आणि साधनं नसल्यामुळे माणसं कशी गेली, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. म्हणून १९९२ मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत त्यांनी कॉरिडॉरच्या आणि प्रार्थनागृहाच्या भिंतींतसुद्धा ऑक्सिजनची सोय करून घेतली होती. एवढं कशाला, असं तेव्हा लोकांना वाटलं. तीन वर्षांत त्याच प्रार्थनागृहात पेशंट झोपवावे लागले.

एक गोष्ट मात्र राहून गेली. आलेल्यांचे कपडे उतरवून त्यांना धुण्याची सोय सुरुवातीला झाली नाही. बंदिस्त जागेत कपड्यांतलं सरीन हवेत येत राहिलं. नंतरच्या पाहणीत उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी जवळपास चौथ्या भागाने आपल्यालाही त्रास झाल्याचं सांगितलं. म्हणजे गर्दी नुसतीच वेळ खाते असं नाही. उपचार करणाऱ्यालाही ती आजारी पाडू शकते.

भीती शरीरात काय करते

धोका जाणवला की शरीर ॲड्रेनालिन सोडतं. हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. श्वास फार वेळ भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मग बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, चक्कर येते, छाती आवळल्यासारखी वाटते. यात नाटक काहीच नाही. ही सगळी लक्षणं मोजता येतात. त्यांचं कारण विष किंवा जखम नसतं, एवढाच फरक.

आता सरीनची लक्षणं बघा. छाती आवळणं, श्वासाला त्रास, मळमळ, घाबरल्यासारखं वाटणं. घरी बसलेल्या माणसाने स्वतःच स्वतःचं निदान कसं करायचं?

डॉक्टरकडे मात्र एक साधी खूण असते. सरीन हे ऑर्गनोफॉस्फेट कुळातलं विष. त्याने डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, नाक-तोंड गळायला लागतं. भीतीने नेमकं उलटं होतं: बाहुल्या मोठ्या होतात आणि तोंडाला कोरड पडते. हातातल्या टॉर्चने काही सेकंदांत बराचसा उलगडा होतो.

हे आपल्याकडच्या डॉक्टरांना नवं नाही. शेतीच्या अनेक कीटकनाशकांचं कुळ हेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली होती, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा ज्या औषधांची चर्चा झाली त्यात मोनोक्रोटोफॉस होतं, आणि तेही याच कुळातलं. बारीक बाहुल्या, तोंडाला फेस, लगेच ॲट्रोपिन: ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला हे पाठ असतं. टोकियोतल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये असे पेशंट रोज येत नव्हते.

इस्राएल, १९९१: गॅस आलाच नाही

आता त्याच्या चार वर्षं आधीचं उदाहरण. हे दहशतवादी हल्ल्याचं नाही, युद्धाचं आहे. पण भीती कशी काम करते हे इतकं स्वच्छ मोजलेलं मला दुसरीकडे दिसलं नाही.

१९९१ च्या आखाती युद्धात जानेवारी-फेब्रुवारीत इराकने इस्राएलवर स्कड क्षेपणास्त्रं सोडली. त्यांत विषारी वायू असेल अशी सगळ्यांना धास्ती होती. सरकारने घरोघरी गॅस मास्क आणि ॲट्रोपिनची इंजेक्शनं वाटली होती. भोंगा वाजला की एका बंद केलेल्या खोलीत जायचं, मास्क लावायचा आणि वाट बघायची.

एकाही क्षेपणास्त्रात वायू नव्हता.

त्या सहा आठवड्यांत हल्ल्यांशी संबंधित म्हणून हॉस्पिटलांत १,०५९ जणांची नोंद झाली. त्यातले क्षेपणास्त्रांमुळे थेट जखमी झालेले २३४. उरलेले ८२५ अप्रत्यक्ष, म्हणजे सुमारे ७८ टक्के. या ८२५ मध्ये ५४४ जण तीव्र घबराटीचे होते. २३० जणांनी गरज नसताना स्वतःला ॲट्रोपिन टोचून घेतलं होतं. ४० जण सुरक्षित खोलीकडे धावताना पडले, आपटले. आणि ११ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ७ मास्क चुकीच्या पद्धतीने लावल्यामुळे गुदमरून गेले.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. वायूपासून वाचवणारं साधन होतं, वायू आला नाही, आणि तरी माणसं गेली.

ॲट्रोपिनचा भाग तर एखाद्या वाईट बगसारखा आहे. ॲट्रोपिनने काय होतं? हृदय जोरात धडधडतं, तोंड कोरडं पडतं, अस्वस्थ वाटतं. म्हणजे घाबरलेला माणूस "मला वायू लागला" समजून इंजेक्शन घेतो, आणि इंजेक्शनमुळे त्याला आणखी काहीतरी झाल्यासारखं वाटतं. आउटपुट परत इनपुटला जोडलंय. मग तो हॉस्पिटलला येणार नाही तर काय करणार?

त्याच काळात आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या हल्ल्यांच्या दिवसांत तेल अवीव भागात हार्ट ॲटॅकचं प्रमाण नेहमीपेक्षा वाढलं आणि मग परत खाली आलं. म्हणजे छाती धरून आलेल्या प्रत्येकाला "घाबरलाय, पाणी द्या" म्हणून परत पाठवता येत नाही. भीतीने आलेल्यांच्या रांगेत भीतीनेच खरा हार्ट ॲटॅक आलेला माणूसही उभा असतो.

थोडं गणित

हे गणित काल्पनिक आहे, मुद्दा कळावा म्हणून. एखाद्या भागात दहा लाख लोकवस्ती आहे. हल्ला झाला आणि १०० जणांना खरोखर तातडीचे उपचार हवेत. उरलेल्यांपैकी हजारात फक्त एक माणूस घाबरून हॉस्पिटल गाठतो. हजारात एक म्हणजे काहीच नाही, पूर्ण बिल्डिंगमधून एखादा. तरी ते १,००० लोक झाले. दारात उभे एकूण १,१००, आणि त्यात खरा जखमी अकरात एक.

समजा कॅज्युअल्टीत दहा डॉक्टर आहेत आणि आलेल्या क्रमाने प्रत्येकाला ३ मिनिटं देतात. ३,३०० मिनिटं भागिले दहा, म्हणजे साडेपाच तास. रांगेच्या मध्यावर असलेल्या जखमीला पावणेतीन तास थांबावं लागेल. ज्याला आतून रक्तस्राव होतोय, त्याच्याकडे एवढा वेळ नसतो.

आता दारातच दहा प्रशिक्षित सिस्टर उभ्या करा. प्रत्येकाला अर्धा मिनिट: श्वास, नाडी, शुद्ध, रक्तस्राव, बस्स. पंचावन्न मिनिटांत सगळे वेगळे होतात आणि गंभीर माणूस दिसला की लगेच आत जातो. माणसं तेवढीच, डॉक्टर तेवढेच, फक्त रांगेचा नियम बदलला. यालाच ट्रायाज म्हणतात. आपल्या कामात ज्याला प्रायॉरिटी क्यू म्हणतो, तेच हे.

प्रत्यक्षात आणखी एक गुंता होतो. चालता येणारे आधी पोचतात. ज्यांना गाळ्याखालून किंवा डब्यातून काढावं लागतं, ते नंतर येतात. म्हणजे गंभीर पेशंट येईपर्यंत खाटा, स्ट्रेचर आणि डॉक्टर आधीच्यांत अडकलेले असतात. शिवाय सगळे जवळच्या हॉस्पिटलला जातात. तीन किलोमीटरवरचं दुसरं हॉस्पिटल रिकामं असलं तरी लोकांना ते कोण सांगणार? सर्व्हर खंडीभर आहेत, पण सगळा ट्रॅफिक एकावरच. लोड बॅलन्सरचं काम ॲम्ब्युलन्सची कंट्रोल रूम करू शकते, पण टोकियोत पाहिलं तसं, बहुतेक लोक ॲम्ब्युलन्सने येतच नाहीत.

हल्ला पसरट असेल तर

स्फोटाला जागा आणि वेळ असते. "मी तिथे नव्हतो" हे माणसाला माहीत असतं. जिवाणू किंवा किरणोत्साराच्या बाबतीत तसं नसतं, म्हणून ती भीती जास्त दिवस चालते.

२००१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ॲन्थ्रॅक्सचे जिवाणू घातलेली पत्रं टपालाने पाठवली गेली. एकूण २२ जणांना संसर्ग झाला, ५ दगावले. पण खबरदारी म्हणून प्रतिजैविकं सुरू केलेल्यांची संख्या तीस हजारांच्या वर गेली. यातल्या अनेकांना ती देणं योग्यच होतं, कारण ते टपाल कार्यालयांत काम करत होते. त्याशिवाय जे लोक पांढरी पावडर दिसली म्हणून फोन करत होते, ते वेगळेच.

आणि मोसम कुठला? फ्लूचा. ताप, अंगदुखी, खोकला. श्वासातून झालेल्या ॲन्थ्रॅक्सची सुरुवातही अशीच. मग अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने डॉक्टरांसाठी एक उपयोगी माहिती काढली: फ्लूसारख्या आजारात नाक गळणं नेहमीचं, श्वासातल्या ॲन्थ्रॅक्समध्ये ते क्वचित. एकट्या या खुणेवर निदान होत नाही, पण तपासणाऱ्याच्या हातात काहीतरी येतं.

मला ही माहिती "घाबरू नका, परिस्थिती नियंत्रणात आहे" या वाक्यापेक्षा शंभरपट मोलाची वाटते. "घाबरू नका" ऐकून आजवर कुणाची भीती गेलेली नाही. उलट, हे काहीतरी लपवतायत असं वाटतं. माणसाला तपासता येईल असं काहीतरी हवं असतं. कुठली गाडी, किती वाजता, कुठलं लक्षण, कुठे जायचं.

हल्लाच झाला नाही, तरीही

३ जून २०१७, इटलीतलं तुरीन शहर. सान कार्लो चौकात मोठ्या पडद्यावर युव्हेंटस आणि रेआल माद्रिद यांच्यातली चॅम्पियन्स लीगची फायनल बघायला हजारो लोक जमले होते. बाराच दिवस आधी मँचेस्टरमध्ये संगीताच्या कार्यक्रमानंतर आत्मघाती स्फोट झाला होता, तो सगळ्यांच्या डोक्यात ताजा. अचानक गर्दीत गोंधळ उडाला, बॉम्ब असल्याची हाकाटी झाली आणि लोक धावत सुटले. जमिनीवर फुटलेल्या बाटल्यांच्या काचा. १,५०० हून जास्त लोक जखमी झाले. पुढे त्या जखमांमुळे दोन महिलांचा मृत्यू झाला.

तपासात निघालं काय? चोरी करायला आलेल्या टोळीने पेपर स्प्रे मारला होता.

एका रात्रीत दीड हजार जखमी हा कुठल्याही शहराच्या हॉस्पिटलांना आडवा करणारा आकडा आहे. आणि त्यामागे दहशतवादी एकही नव्हता. होती ती आधीच्या हल्ल्यांनी रुजवलेली भीती. म्हणजे हल्ला एका शहरात होतो आणि त्याचे पेशंट दुसऱ्या शहराच्या कॅज्युअल्टीत येऊ शकतात, दोन आठवड्यांनी.

आपल्याकडे

मुंबईकरांना हे सगळं पुस्तकातून शिकायची गरज नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. रुळांलगतच्या वस्त्यांतल्या लोकांनी चादरींची झोळी करून जखमींना बाहेर काढलं आणि मिळेल त्या गाडीने जवळच्या हॉस्पिटलांत पोचवलं. त्याच वेळी मोबाइलचं नेटवर्क कोलमडलं, कारण सगळं शहर एकाच वेळी "पोचलास का?" विचारत होतं. फोन लागला नाही की परत लावायचा, परत लावायचा. आमच्या भाषेत याला रिट्राय स्टॉर्म म्हणतात. फोन लागत नाही म्हटल्यावर माणूस शेवटी हॉस्पिटलच्या दारात जाऊन नावांची यादी बघतो. म्हणजे कॅज्युअल्टीबाहेरच्या गर्दीत पेशंट नसलेली, पण माहितीसाठी आलेली माणसंही आली. त्यांना उत्तर देणारा वेगळा माणूस, वेगळं टेबल नसेल तर ती केसपेपरच्या खिडकीवरच येणार आणि सिस्टरलाच विचारणार.

२६ नोव्हेंबर २००८ ला तर वेगळंच घडलं. दहशतवादी कामा हॉस्पिटलमध्येच शिरले. ज्या जागी जीव वाचवायला जायचं, तीच धोक्याची झाली. तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गर्भवतींना पॅन्ट्रीत हलवून दार बंद केलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या होत्या, तर तिला भिंतीच्या कडेकडेने जिन्याने प्रसूतिकक्षात नेलं, आणि तिचं बाळंतपण त्या रात्री सुखरूप झालं.

हा प्रसंग मी शौर्यासाठी नाही सांगत, शौर्य तर आहेच. मला त्यातली ती बाळंतीण महत्त्वाची वाटते. शहरात गोळीबार चालू आहे म्हणून कळा थांबत नाहीत. पक्षाघात थांबत नाही, दम्याचा झटका थांबत नाही. हल्ल्याच्या दिवशी हल्ल्याशी काहीही संबंध नसलेले, पण खरोखर गंभीर असे पेशंट असतातच. गर्दीत ते मागे पडू शकतात किंवा भीतीने घरातच बसू शकतात. टीव्हीवर दिसणाऱ्या जखमींच्या आकड्यात ते कधीच नसतात.

मग हॉस्पिटलने काय करायचं

थोडक्यात तीन गोष्टी.

एक, घाबरलेल्यांसाठी वेगळी जागा. हाकलून देण्यासाठी नाही, तर बसवण्यासाठी. इस्राएलमधल्या हॉस्पिटलांनी अनुभवातून हे शिकून घेतलं. मोठी घटना झाली की तणावाच्या पेशंटसाठी ते वेगळा विभाग उघडतात. तिथे समुपदेशक असतात, आणि कुणाचं काही बिघडलं तर लगेच हलवायची सोयही असते. शारीरिक तपासणी आधी, मगच या विभागात. हा क्रम उलटा करायचा नाही.

दोन, नातेवाइकांसाठी माहितीचं टेबल, कॅज्युअल्टीपासून लांब.

तीन, एकच आवाज आणि लवकर. महापालिका, पोलीस आणि हॉस्पिटल तीन वेगळ्या गोष्टी बोलले की लोक चौथीकडे वळतात, आणि चौथी गोष्ट व्हॉट्सॲपवर तयार असते.

इंग्रजीत अशा पेशंटना बरीच वर्षं "वरीड वेल" म्हणत आले, म्हणजे काळजीत पडलेले ठणठणीत लोक. आता या क्षेत्रातले अनेक जण तो शब्द टाळतात, कारण वर पाहिलं तसं, काळजीत पडलेला प्रत्येक माणूस ठणठणीत नसतो. मला ते पटतं. शब्दानेच निदान करून टाकलं की तपासणारा हात ढिला पडतो.

आणि आपण

सेव्ह करून ठेवा, फॉरवर्ड केलं तरी चालेल.

छातीत दुखणं, श्वास न पुरणं, शुद्ध हरपणं, थांबत नसलेला रक्तस्राव, अर्धं अंग लुळं पडणं, गर्भवतीचा कुठलाही त्रास: कारण भीती असो की काही असो, थेट हॉस्पिटल किंवा १०८. इथे विचार करत बसू नका.

स्फोटाच्या जवळ होतात, बाहेरून खरचटलंही नाही, पण ऐकू कमी येतंय किंवा दम लागतोय: तरी तपासून घ्या. स्फोटाच्या दाबाने फुप्फुसाला आतून इजा होऊ शकते.

रसायनाचा संशय असेल तर मोकळ्या हवेत या, वरचे कपडे उतरवा, भरपूर पाण्याने अंग धुवा. बहुतांश विष कपड्यांबरोबरच जातं. तसेच गर्दीत घुसू नका, आणि हॉस्पिटलच्या दारात आधी सांगा की तुम्ही तिथे होतात.

घटनेपासून लांब होतात, बातम्या बघून धडधडतंय, मुंग्या येतायत: टीव्ही बंद करा, कुणाजवळ तरी बसा, श्वास सावकाश सोडा. अर्ध्या तासात कमी झालं नाही, किंवा आधीपासून हृदयाचा त्रास, बीपी, शुगर असेल, तर डॉक्टरला दाखवा. लाजायचं काही नाही. झोप उडाली, सारखं तेच आठवतंय, असं काही दिवस चाललं तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

फोन करण्याऐवजी मेसेज करा. "मी ठीक आहे" हा एक मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला की पंधरा फोन वाचतात.

रक्त द्यायचं असेल तर रक्तपेढीने मागितल्यावर द्या. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत लाखो लोकांनी रक्तदान केलं. हल्ल्यातल्या जखमींसाठी वापरल्या गेल्या तीनशेहूनही कमी पिशव्या. भावना खरी होती, पण त्या दिवशी गरज वेगळी होती.

तर श्रोत्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: जखमींचा आकडा आणि हॉस्पिटलमध्ये पोचलेल्यांचा आकडा वेगळा असणार, हे आधीच धरून चालायला हवं. घाबरलेला माणूस हा सिस्टिममधला कचरा नाही. तो अपेक्षित लोड आहे. तो येणार हे माहीत असूनही त्याच्यासाठी दार ठेवलं नाही, तर तो जखमीच्या दारात उभा राहणार. दोष त्याचा नाही.

तुमच्यापैकी कुणी सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीला काम करत असाल, सिस्टर, डॉक्टर, वॉर्डबॉय, केसपेपर काढणारे, कुणीही, तर मोठ्या घटनेच्या दिवशी तुमच्या दारात नक्की काय होतं ते लिहून पाठवा. हॉस्पिटलचं नाव नको, अनुभव पाहिजे. पुढच्या भागात ते वाचून दाखवीन. तोवर नमस्कार.